दादाचा आकडा

गाडीच्या मागच्या सीटवर तो कधी बसत नसे. टॅक्सीने जायचं झालं तर पुढे, चालकाच्या शेजारी. पुढची जागा भरलेली असली तर सरळ पायी निघे. बायको म्हणायची, "मागे काय काटे पेरलेत?" तो म्हणायचा, "मागे बसलं की मळमळतं." ते खरं नव्हतं, आणि बायकोलाही ते ठाऊक होतं. पण एखादं खोटं घरात फार वर्षं राहिलं की ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं होतं. त्याला ऊठ म्हणायला कोणी धजत नाही.

गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला सगळे रेघोट्या म्हणत. हे नाव त्याच्या थोरल्या भावाने ठेवलेलं. दोघा भावांची मिळून एक लांबट शेड होती, वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि त्या जमिनीत अर्धे पुरलेले दोन लोखंडी रोलर. मोटारीची मागची चाकं त्या रोलरांवर चढवायची, पुढच्या चाकांखाली लाकडाची उटी लावायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची, तोंडासमोर माणसाएवढा पंखा सोडायचा, आणि मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. गाडी जिवाच्या आकांताने पळते आणि जागची तसूभर हलत नाही. रोलर किती जोराने फिरायला लागले त्यावरून मशीन गाडीची ताकद मोजतं आणि स्क्रीनवर रेघा काढतं. या सगळ्याला डायनो म्हणतात.

थोरल्याला दादा म्हणत. घरातही आणि गल्लीतही. दादा इंजिन जुळवायचा ते कानाने. डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हिला हवा कमी पडतेय." बहुतेक वेळा खरंच कमी पडत असायची. धाकटा बसायचा स्क्रीनपुढे. एक रेघ ताकदीची, एक ओढीची, एक टर्बोतल्या हवेच्या दाबाची. बाजार शेंडा बघतो. गिऱ्हाईक येतं ते विचारतं, किती निघाली? सर्वांत वरचा आकडा सांगितला की तो खिशात घालून खूश होऊन जातं. रेघोट्या शेंड्याकडे सर्वांत शेवटी बघायचा. आधी रेघेचा पाय बघायचा, ती जमिनीवरून कशी उठते ते. मग एकाच गाडीच्या तीन धावा एकावर एक ठेवून बघायचा. तिसरी रेघ पहिलीच्या खाली गेली तर समजायचं, गाडी तापतेय, पहिल्या धावेची ताकद पाहुणी होती. रेघ मधेच विसकटली तर समजायचं, आत काहीतरी अडखळतंय.

समोरचा पंक्चरवाला चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "रेघोट्या, एकदा माझ्या बायकोचा ग्राफ काढून दे. कुठे भडकते ते कळेल."

"तिचा कशाला? तुझा काढू. कुठे झोपतोस ते कळेल."

दादा तिकडून हसायचा. त्याचं हसणं पत्र्याला लागून परत यायचं. ते अजूनही येतं, असं रेघोट्याला वाटे. पंखा बंद करून पाती थांबायला लागली की शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत कोणीतरी हसून गप्प झाल्यासारखं होई. शेडमध्ये एकटा असला की तो पंखा तसाच चालू ठेवून जेवत बसे.

आता दादाच्या गाडीचं सांगायला हवं. जुनी, बसकी, मागच्या चाकांवर चालणारी मोटार. दादाने तिला मोठा टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात हवा कोंबतो, हवा आली की आग वाढते, आग वाढली की ताकद. पण मोठा पंखा जड असतो. तो वेग धरेपर्यंत गाडी पेंगते आणि धरला की पेंगणारा बैल एकदम उधळावा तशी उधळते. वरच्या डोंगरावर दर वर्षी घाटचढाईची शर्यत असे, एकेक गाडी वळणावळणाने माथ्यापर्यंत सोडायची. दादाला ती जिंकायची होती. त्यासाठी त्याने मनाशी तीनशे चाळीस हॉर्सपॉवरचा आकडा धरला होता. तेवढी ताकद निघाली की झालं.

निघत नव्हती. तीनशेच्या अलीकडेच गाडी दम टाकायची. शिवाय जोर आला की मागची चाकं रोलरवरून घसरायची. पट्टे तेव्हा जुने होते, ताणायचे. मग भावाभावांनी एक युक्ती काढली. धाकट्याने मागच्या सीटवर, बरोबर चाकांच्या वर, दोन्ही हातांनी छताची कडी धरून अंग दाबून बसायचं. वजन पडलं की चाक रोलरला चिकटतं. "रेघोट्या, बस मागे," असं दादा म्हणायचा आणि हा जाऊन बसायचा. कानाशी इंजिनाचा हंबरडा, ढुंगणाखाली थरथर, समोर दादाची रुंद मान.

असंच एकदा दुपारचं बसलेलं असताना आकडा निघाला. तीनशे चाळीस नव्हे, त्याच्याही चार वर. दादा खाली उतरला तो लहान पोरासारखा. सगळी गल्ली गोळा झाली. पंक्चरवाल्याने आकडा मोठ्याने तीनदा वाचला. दादाने त्या रेघेचा कागद छापून घेतला आणि काचेची चौकट करून घरी भिंतीवर लावला.

रेघोट्याने त्या दिवशी रेघेच्या पायावर बोट ठेवलं होतं. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास ओढीची रेघ सरळ उभी राहिली होती, कसलाही उतार नाही.

"दादा, ही भिंत आहे बघ. वळणातून निघताना पाय दिलास आणि हे एकदम आलं तर मागची चाकं सुटतील."

"भिंत नाही रे, शिडी आहे," दादा म्हणाला. "तू रेघा बघ, मी रस्ता बघतो."

"एक-दोन दिवस दे. पाय थोडा लांबवू."

"आकडा निघालाय. आता हात लावायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

शर्यतीत खिंडीच्या आधीच्या डाव्या वळणावर दादाची गाडी मागून फिरली, कठड्यावर आदळली आणि दादा गेला. लोक म्हणाले, रस्त्यावर खडी होती. कोणी म्हणालं, वय झालं होतं.

दिवसकार्य झाल्यावर रेघोट्या शेडमध्ये गेला आणि त्याने ती धाव मशीनमधून पुन्हा काढली. मशीनमध्ये एक सोय असते, रेघेवरचे काटे घासून ती गुळगुळीत दाखवायची. गिऱ्हाइकाला गुळगुळीत रेघ आवडते, म्हणून ती सोय कायमचीच चालू असे. त्याने ती बंद केली. चार हजारांच्या पुढे रेघ एकदम खड्ड्यात गेली होती आणि खड्ड्यातून सुळक्यासारखी वर उडाली होती. तीनशे चव्वेचाळीस त्या सुळक्याच्या टोकावर होते. सुळका सोडला तर बाकीची रेघ तीनशेच्या आतच होती. चाक घसरलं, मोकळं सुटून जोरात फिरलं, मग रोलरला पुन्हा चावलं, आणि त्या चाव्याचा धक्का मशीनने ताकद म्हणून मोजला.

चाक का घसरलं, हे त्याला स्क्रीनकडे बघता बघता आठवलं. त्या धावेत एक पट्टा कण्हला होता. तुटतोय असं वाटून तो घाबरला आणि कडीला लोंबकळून सीटवरून वीतभर उठला. लगेच स्वतःचीच लाज वाटून धपकन खाली बसला.

एवढंच. एक माणूस वीतभर उठला आणि बसला. तो उठला नसता तर आकडा निघाला नसता. आकडा निघाला नसता तर दादा थांबला नसता. अजून आठवडाभर दोघांनी त्या गाडीशी झटापट केली असती आणि ती भिंत कुठे ना कुठे हाताला लागली असती. या विचाराला कड नव्हती. कुठूनही आत शिरलं तरी बाहेर निघायची वाट त्याच वीतभर जागेतून जायची.

आणि चौकट घरी भिंतीवर तशीच होती. वहिनी रोज ती काच पुसायच्या. भिंतीवरचं ते कसं काढून मागायचं?

दादाची मुलगी तेव्हा शाळेत होती. आता ती रुग्णवाहिका चालवते. हात स्थिर, बोलणं तुटक, बापासारखी मान. मोडलेली गाडी तिने विकू दिली नाही; फुरसतीत पत्रा सरळ करून घेतला, रंग दिला. इंजिनाला धक्का लागलेला नव्हता. दादाने केलेली जुळणी गाडीच्या संगणकात तशीच्या तशी होती. आणि एके सकाळी ती गाडी घेऊन शेडच्या दारात उभी राहिली.

"काका, शर्यतीला नाव दिलंय. बाबांनी काढलं होतं तेवढं काढून दे. एकदा बघू, मग वर जाऊ."

रेघोट्याने गाडी रोलरवर घेतली. पट्टे आता नवे होते, रुंद, चारही बाजूंनी. हात पुसून त्याने पंखा लावला. पुतणी स्टिअरिंगमागे बसली. तीन धावा झाल्या. तिन्ही रेघा एकमेकींवर चपखल बसल्या. शेंडा दोनशे ब्याण्णव.

ती उतरून स्क्रीनशी आली. "कुठेतरी हवा गळतेय."

त्याने बघितलं. सगळे सांधे, सगळे पाइप. कुठे गळत नव्हतं.

"मग पेट्रोल?"

"पेट्रोल बरं आहे."

"मग दाब वाढव."

"इतकी गाडी पुरे आहे, पोरी."

"बाबांना पुरे नव्हती." ती त्याच्याकडे वळली. "काका, राग मानू नकोस. बाबांना जे जमायचं ते तुला जमत नाही असं लोक बोलतात. मी त्यांच्याशी भांडलेय. पण हे बघ." तिने स्क्रीनवर नखाने टकटक केलं. "घरी भिंतीवर एक आकडा आहे आणि इथे एक."

त्याने पंखा बंद केला.

"तू नाही वाढवलास तर हायवेवर तो नवीन गॅरेजवाला आहे. तो म्हणाला, तीनशे साठ काढून देतो."

ती जेवायला गेली तेव्हा त्याने वहिनींना फोन लावला.

"भाऊजी, ती ऐकायची नाही," वहिनी म्हणाल्या. "बापाचीच आहे. मी अडवलं तर माझ्याशी बोलायची बंद होईल आणि जायची ती जाईलच. तुम्ही तेवढं बघा. ती वरून खाली आली पाहिजे."

"वहिनी, मला तिला काही सांगावं लागेल. दादाबद्दल."

पलीकडे बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "जे सांगायचं ते तिला सांगा. मला नका सांगू."

पुतणी परत आली तेव्हा तो पट्टे सोडत होता. मागचे दोन काढून टाकले, पुढचे ढिले केले.

"हे काय?"

"तुझा बाप मोजायचा तसं मोजू." त्याने मागचं दार उघडलं. हात दाराच्या कडीवर राहिला, पाय उचलेना. पायाला घाम येतो हे त्याला त्या दिवशी कळलं. मग मान खाली घालून तो आत शिरला आणि मागच्या सीटवर, चाकांच्या वर, बसला.

सीटला वास होता. नव्या रंगाच्या खाली जुन्या रबराचा, आणि त्याच्याही खाली दादाच्या तंबाखूचा. तो इतकी वर्षं टिकणं शक्य नाही, हे त्याला कळत होतं.

"फेऱ्यांची सुई चारावर येईल तेव्हा काही झालं तरी पाय काढायचा नाही," तो म्हणाला. "मागे बघायचं नाही."

इंजिन चढायला लागलं. समोर ती मान. त्याने कडी धरली. गाडी पेंगली, पेंगली, आणि भिंत आली. त्याच क्षणी तो कडीला लोंबकळून वर उठला. खाली टायर किंचाळला, गाडीचं बूड डावीकडे सरकलं, आणि तो सगळ्या अंगानिशी खाली आदळला. रोलरला असा हिसका बसला की टेबलावरचा चहाचा ग्लास खाली पडला.

स्क्रीनवर तीनशे एकोणपन्नास.

पुतणी उतरून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर.

"निघाला," ती हळूच म्हणाली. "काका, निघाला."

"परत बस. आता मी हलणार नाही."

दोनशे नव्वद.

"परत बस."

तो पुन्हा उठला, पुन्हा आदळला. तीनशे सदतीस. मग तो बाहेर आला. टेबलाला धरून त्याने ती गुळगुळीत करण्याची सोय बंद केली आणि रेघ जशी होती तशी तिच्यापुढे ठेवली, खड्डा आणि सुळका.

"गाडी तीच, पेट्रोल तेच," तो म्हणाला. "बदललं ते फक्त माझं बूड."

ती हसली नाही. त्याला तरी कुठे हसवायचं होतं? पण दुसरे शब्द सापडले नव्हते.

"म्हणजे त्या दिवशी तू उठलास."

"पट्टा तुटतोय असं वाटलं."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. आकडा खरा समजूनच गेला."

"आणि तुला?"

"तेव्हा नाही. तो गेल्यावर कळलं."

तिने फडकं उचललं, चहाने भिजलेली जमीन पुसली, काचा गोळा केल्या. काचा गोळा करताना तिचे हात अगदी स्थिर होते. "आई रोज ती चौकट पुसते," ती म्हणाली. एवढंच बोलून निघून गेली. गाडी रोलरवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. रेघोट्याने दुसरी कामं घेतली नाहीत. पंक्चरवाला विचारायला आला, "काय रे, भुताची गाडी आणून ठेवलीस आणि तिच्यापुढे बसलायस?" चहा ठेवून तो गेला. ती हायवेवरच्या त्या गॅरेजात गेली असेल, असं रेघोट्याला वाटत होतं. गाडी न्यायला माणूस पाठवेल. मग तो गॅरेजवाला दाब वाढवून देईल, भिंत अजून उंच होईल, आणि ती तिच्यावर जाऊन आदळेल. नाकापेक्षा मोती जड. तो दारातून येणारं प्रत्येक वाहन बघत होता.

ती त्याच्या दुसऱ्या दिवशी आली, रात्रपाळी करून, कामाच्या कपड्यांत. डोळे सुजलेले.

"भिंत कुठे आहे दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवली. चार हजारांपाशी उभी राहिलेली रेघ. तिने बराच वेळ पाहिली. मग बोटाने हवेतच तो घाट काढला, पहिलं वळण, दुसरं, खिंडीच्या आधीचं डावं. "तिथून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये सुई कुठे असते?"

"चारालाच असते."

तिने बोट हवेतच ठेवलं. ते तसंच कितीतरी वेळ तिथे होतं.

"उतार कर," ती शेवटी म्हणाली. "शेंडा किती जायचा तो जाऊ दे."

चार दिवस ते दोघं त्या रेघेच्या पायाशी राबत होते. दाब थोडा आधी सुरू करायचा, थोडाथोडा सोडायचा, मधल्या फेऱ्यांत इंजिनाची ठिणगी जरा उशिरा पाडायची; धाव काढायची, रेघ बघायची, पुन्हा. तो सांगायचा, ती पाय द्यायची. एका दुपारी ती म्हणाली, "इथे अजून टोचतंय," आणि त्याने बघितलं तर खरंच तिथे बारीकसा उंचवटा होता, त्याच्या डोळ्यांतून सुटलेला. तिने तो कानाने धरला होता. त्याने तिला तसं सांगितलं नाही, फक्त उंचवटा काढला. शेवटी रेघ उठली ती नांगरलेल्या टेकडीसारखी, सावकाश, एकसारखी. शेंडा दोनशे चौऱ्याहत्तर. तिने कागद छापून मागितला नाही. घरच्या चौकटीचं काय झालं हे त्यानेही विचारलं नाही.

शर्यतीच्या दिवशी लोक माथ्यावर जमतात, जिथे वेळ मोजतात तिथे. रेघोट्या तिकडे गेला नाही. खिंडीच्या आधीच्या डाव्या वळणाला कठड्यापाशी तो एकटाच उभा राहिला. कठड्याचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा नवा होता, सिमेंट अजून उजळ. त्याने तिकडे पाठ केली होती.

गाड्या येत होत्या, जात होत्या. मग खालच्या वळणांतून त्याच्या ओळखीचा आवाज चढायला लागला. तो जवळ आला, दबला, ब्रेक लागले. बसकी गाडी वळणात शिरली. त्याने डोळे मिटले. आता पाय देईल. आता.

आवाज उठला. एकदम नाही. सावकाश, भरत जाणारा, एखादं जातं सुरात यावं तसा. टायर एकदा हलकेच कुरकुरले आणि शांत झाले. त्याने डोळे उघडले तेव्हा तिची गाडी सरळ होऊन खिंडीत शिरत होती. मागच्या काचेतून सीट दिसली, रिकामी. मग वळण तिला गिळून बसलं आणि आवाज वर वर जात माथ्याकडे गेला. तिकडे लोक ओरडले, म्हणजे पोचली.

कितवी आली ते नंतर कळलं असतं. तो जायला वळला आणि थांबला. पुढची गाडी सुटायला अजून वेळ होता, रस्ता मोकळा होता, वारा पडला होता. खालून कसलाही आवाज येत नव्हता. तरी तो कठड्याला हात लावून, मान किंचित कलती करून, खालच्या वळणांकडे कान देऊन उभा राहिला. पुतणी वर पोचली होती. वहिनींना तेवढं सांगता आलं असतं. पण फार वर्षांपूर्वी सुटलेली एक गाडी अजून यायची राहिली आहे असं त्याला वाटत होतं, आणि ती या वळणातून बाहेर पडल्याशिवाय त्याचा पाय तिथून निघेना.